टाकीपासून शेगडीपर्यंत

राजगुरुनगरच्या स्वयंपाकघरात असलेली लाल टाकी फार लांबून आलेली नसते. उरणहून चाकण-शिक्रापूरकडे एलपीजीची भूमिगत वाहिनी येते, चाकण परिसरात तेल कंपन्यांचे गॅस भरण्याचे प्रकल्प आहेत आणि तिथून निघालेले टाक्यांचे ट्रक पुणे-नाशिक महामार्गाने खेड तालुक्यात पसरतात. १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने हा गॅस आणला तेव्हा तो शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांचा होता. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो पार डोंगरकडेच्या वाड्यांपर्यंत पोचला. चुलीच्या धुराने खोकणाऱ्या बायकांना त्यामुळे जो मोकळा श्वास मिळाला, त्याची किंमत कमी लेखता येणार नाही. पण घरात इंधनाचा साठा ठेवायचा आणि तो नळीने आणून जाळायचा, म्हणजे एक जबाबदारीही घरात येते. ती कोणी नीट समजावून सांगितलेली नसते.

सगळ्यांची भीती टाकीवर असते. ‘टाकी फुटली’ हे शब्द आपण बातम्यांत इतक्यांदा वाचतो की धोका त्या लाल लोखंडातच आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्या साखळीतला सर्वांत दणकट भाग टाकी हाच आहे. पोलादी पत्र्याचे दोन वाडगे एकमेकांना वेल्डिंगने जोडून, भट्टीत तापवून ती तयार होते आणि प्रत्येक टाकीची दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाबाने पाण्याची चाचणी होते. भर उन्हाळ्यातही आतल्या गॅसचा दाब साधारण दहा किलोच्या पुढे जात नाही. टाकीत १४.२ किलो गॅस भरतात, तेव्हाही तिचा सुमारे पाचवा हिस्सा मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो, कारण उष्णतेने आतला द्रव फुगतो आणि त्याला फुगायला जागा लागते. ही रिकामी जागा लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

टाकी घरात घेताना तिच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्या आतून पाहाव्यात. त्यांपैकी एकीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ वर्षाची शेवटची तिमाही. ‘सी-२७’ लिहिले असेल तर २०२७ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. नवी टाकी दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी चाचणीला जाते. लोक याला ‘एक्सपायरी’ म्हणतात. ती खरे तर चाचणीची मुदत आहे. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता टाकीच्या तोंडाशी वाकून पाहू. पांढरी टोपी काढली की पितळी व्हॉल्व्ह दिसतो. त्याच्या मधोमध एक बारीक पिन आणि तिच्या भोवती, आत खोबणीत बसलेला, काळा रबरी वायसर. रेग्युलेटर खाली दाबून बसवला की तो पिन दाबतो, गॅसला वाट मिळते, आणि हा रबरी वायसर रेग्युलेटरच्या दांड्याला चहूबाजूंनी घट्ट धरून गॅसला बाजूने निसटू देत नाही. एवढ्याशा रबराला चीर पडली, तो सुकून कडक झाला, किंवा टाकी भरताना निघून गेला, तर रेग्युलेटर ‘खट्’ आवाज करून व्यवस्थित बसतो, शेगडीही नीट पेटते आणि तोंडाशी मात्र गॅस झिरपत राहतो. म्हणून टाकी लावताना करंगळीने आत चाचपून वायसर आहे की नाही ते पाहायचे, रेग्युलेटर लावल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी सोडायचे आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे. टाकी पोचवणाऱ्याने ही तपासणी करून द्यावी, असा नियमच आहे. तिसऱ्या मजल्यावर टाकी खांद्यावरून आणलेल्या माणसाला आपण दोन मिनिटे थांबवत नाही आणि तोही पुढच्या घराच्या घाईत असतो. वायसर नसेल तर त्याच्याकडून तो तिथल्या तिथे मागून घ्यावा.

रेग्युलेटरपुढे गॅसचा स्वभावच बदलतो. टाकीतला काही किलोंचा दाब तिथे उतरून दर चौरस सेंटिमीटरला अवघा ३० ग्रॅम राहतो. इतक्या मंद दाबाला कुठलीही नळी चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमके इथेच बहुतेक घरे चुकतात. नळीवर दाबाचा भार नसतोच, तिच्यावर भार असतो तो वर्षांचा. शेगडीखालची उष्णता, फोडणीचे उडालेले तेल, ओट्यामागचा उंदीर आणि दर वेळी शेगडी पुसताना बसणारी ओढ, हे सगळे ती सोसत असते. तेल कंपन्या देतात ती केशरी ‘सुरक्षा’ नळी आतून रबर, मधे पोलादी तारांची वीण आणि बाहेरून जळायला कठीण असे आवरण, अशा थरांची असते. तिच्यावर आयएस ९५७३ हा क्रमांक आणि बनवल्याचे साल छापलेले असते. पाच वर्षांनी ती बदलायची असते. बाजारात तिच्याहून स्वस्त हिरवी किंवा काळी नळी सहज मिळते. ती पहिल्या दिवशी अगदी छान बसते. दोन उन्हाळे गेले की टोकाशी कडक होऊन तडकते. मग कोणी ती तारेने आवळतो, कोणी चिकटपट्टी गुंडाळतो. सांधा वरून बांधून आतली चीर बुजत नाही.

जोडाच्या एका सुट्या भागाने काय होऊ शकते, याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत नुकतीच राहायला खुली झाली होती. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. त्या बाई वाचल्या. पण त्यांच्या घराच्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या, वरचे मजले आधार सुटून खाली आले, त्यांच्या भाराने खालचेही कोसळले आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत नाहीसा झाला. चार माणसे दगावली. चौकशीत गॅसगळतीचे कारण सापडले ते शेगडीच्या जोडणीवरचे एक निकृष्ट पितळी नट. त्या एका नटामुळे ब्रिटनने उंच इमारती बांधण्याचे नियम बदलले.

किती गॅस साठला की धोका? हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा म्हणून इथे मांडतो. हवेत एलपीजीचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असेल तेव्हाच ठिणगीने स्फोट होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. तिचे दोन टक्के म्हणजे साधारण अर्धा घनमीटर गॅस, वजनाने जेमतेम सव्वा किलो. म्हणजे भरलेल्या टाकीचा अकरावा-बारावा हिस्सा पुरतो. शेगडीचा एक मोठा बर्नर न पेटवता उघडा राहिला तर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस सुटतो. रात्री दूध उतू जाऊन ज्योत विझली, कोणाच्या लक्षात आले नाही आणि खिडकी बंद असली, तर सकाळी चहा ठेवायच्या वेळेपर्यंत हिशेब पुरा होतो.

हा हिशेबही गॅस खोलीभर सारखा पसरला असे धरून केलेला आहे, आणि एलपीजी तसा पसरत नाही. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. सुटला की तो पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखालच्या ट्रॉलीत, मोरीच्या तोंडात आणि खालच्या पायरीवर साचून राहतो. त्यामुळे जमिनीलगत धोक्याची पातळी फार आधी गाठली जाते. आणि जमिनीलगतच फ्रिजचा कॉम्प्रेसर असतो, जो आपण हात न लावता आपोआप चालू-बंद होतो. नव्या इमारतींत टाकी देखण्या कपाटात बंद करून ठेवायची पद्धत आली आहे. कपाटाच्या दाराला तळाशी जाळी किंवा भोके नसतील तर तो गॅस साठवायचा डबाच होतो. सुताराकडून तळाशी चार भोके पाडून घ्यायला दहा मिनिटे लागतात.

एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो कुजक्या कोबीसारखा दर्प त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. हे मिसळणे जगाला फार महाग पडून सुचले. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेने तेलक्षेत्रातल्या वाहिनीतून फुकटचा गॅस उष्णतेसाठी घेतला होता. त्याला वास नव्हता. १८ मार्च १९३७ ला तो शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत साचून पेटला आणि सुमारे तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास लावणे सक्तीचे केले आणि ही पद्धत जगभर गेली. आज नियम असा आहे की पेट घेण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्श्यातच वास यायला हवा. म्हणजे वास आला तेव्हा आपल्या हाती थोडा वेळ शिल्लक असतो. तो वेळ कसा वापरावा हे मात्र आधीच ठरलेले असायला हवे.

वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, टाकीच्या तोंडावर दोरीला बांधलेली सुरक्षा-टोपी बसवायची, दारे-खिडक्या उघडायच्या आणि बटणाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही तसाच लागलेला दिवा बंदही करायचा नाही, कारण दोन्ही वेळा बटणाच्या आत ठिणगी पडते. गॅस घालवायला पंखा लावण्याचा मोह कित्येकांना नडला आहे. शेजाऱ्याला बोलवायचे तर बेल न दाबता हाक मारायची. फोन घराबाहेर जाऊन करायचा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर, रात्रंदिवस चालतो. ती टोपी बहुतेक घरांत टाकी आल्या दिवशीच कचऱ्यात जाते. तिला दोरी लावून कंपनी पाठवते ती याच प्रसंगासाठी.

घरचे कार्य असले की धोका एका टाकीचा राहत नाही. मांडवामागे आचाऱ्याच्या भट्ट्यांना पाच-सात टाक्या लागलेल्या असतात, शेजारी भरलेल्या टाक्यांची रांग असते आणि बायका-मुले तिथेच वावरत असतात. राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावी ८ डिसेंबर २०२२ ला लग्नघरात टाकीतून गॅस सुटून भडका उडाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. वरात निघायच्या तयारीत सगळे घर एकत्र जमलेले होते. भट्टीच्या टाक्या मोकळ्या हवेत, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर आणि उभ्याच असाव्यात, हे यजमानाने आचाऱ्याला सांगायला कसलाही संकोच करू नये. शेवटचा गॅस निघावा म्हणून टाकी आडवी पाडतात किंवा तिच्यावर उकळते पाणी ओततात, ते तर तिथेच थांबवावे. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो, आणि तो सुटला तर फुगून सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो.

चाकण, तळेगाव, हिंजवडी आणि पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच सोसायट्यांत आता टाकी नाहीच. महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा वाहिनीतला गॅस थेट ओट्यापर्यंत येतो. हा मुख्यतः मिथेन. तो हवेहून हलका असतो, सुटला की वर छताकडे जातो, म्हणून इथे खिडकीच्या वरच्या झडपेचे महत्त्व तळाच्या भोकांपेक्षा जास्त. काही गृहसंकुलांत तळमजल्यावर टाक्यांची ‘गॅस बँक’ असते आणि तिथून नळाने एलपीजीच घरोघरी जातो. आपल्या नळात नेमका कोणता गॅस आहे हे कित्येक रहिवाशांना ठाऊक नसते, ते सोसायटीच्या कार्यालयात एकदा विचारून घ्यावे. बाकी नळाचे शत्रू दोन्हीकडे तेच. कोणी ओट्याचे फर्निचर करताना बंद करायचा व्हॉल्व्ह कपाटाच्या पाठीमागे गाडून टाकतो. कोणी बाल्कनीतल्या नळावर कपडे वाळत घालतो, कोणी वॉशिंग मशीनच्या अर्थिंगची तार त्यालाच गुंडाळतो. टाइल्सला भोक पाडणाऱ्या कारागिराला नळ कुठून गेला आहे हे कोणी सांगितलेले नसते. रस्त्यावरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जेसीबी. पाण्याच्या, केबलच्या, ड्रेनेजच्या खोदाईत गॅसची पिवळी प्लास्टिक वाहिनी फुटणे ही या पट्ट्यात नित्याची गोष्ट झाली आहे. खोदण्याआधी विचारण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. ठेकेदाराला काम देतानाच त्याची अट घालता येते.

थंड देशांत हाच प्रश्न वेगळ्या इंधनाच्या रूपाने घरात असतो. बॉस्टनच्या आसपास जुनी घरे विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांना तळघरात एक पोलादी टाकी मिळते, बहुधा २७५ गॅलनची, म्हणजे हजारभर लिटरची. तिच्यात घर तापवायचे तेल असते, आपल्या डिझेलचेच जवळचे नातलग. हे तेल सहजी पेट घेत नाही. त्याचा धोका मुका असतो. टाकी आतल्या तळाच्या पाण्याने बाहेरून दिसण्याआधीच गंजते, आणि टाकीतून भट्टीकडे जाणारी तांब्याची बारीक नळी काँक्रीटच्या जमिनीखाली गाडलेली असेल तर सिमेंटच्या सान्निध्यात कुरतडली जाते. थेंबथेंब तेल मातीत आणि विहिरीच्या पाण्यात जाते, आणि माती उकरून स्वच्छ करण्याचा खर्च घरमालकाला बुडवू शकतो. म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदाच केला आणि अशा नळीला संरक्षक आवरण किंवा गळती होताच तेल तोडणारा व्हॉल्व्ह सक्तीचा झाला. तिथेही कायद्याची नजर शेवटी टाकीवरून नळीवरच गेली.

आपल्याकडे घराला तापवावे लागत नाही, पण डिझेलच्या टाक्या कमी नाहीत. चाकणच्या लहान वर्कशॉपांत गुरुवारी वीज गेली की जनरेटर चालतो आणि शेजारी डिझेलचे बॅरल उभे असते. कायद्याने अडीच हजार लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येते, फक्त एकेक भांडे हजार लिटरच्या आत हवे. ही सवलत आहे, सुरक्षेची हमी नाही. डिझेल ३५ अंशांच्या वर गेले की त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ती मर्यादा रोज ओलांडली जाते. बॅरलशेजारीच वेल्डिंग चालू असलेले पाहिले की काळजात धस्स होते.

थंडीत राजगुरुनगरचा पारा दहाच्या आसपास उतरतो आणि न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा हंगाम सुरू होतो. हा धोका मी सर्वांत कठीण मानतो, कारण इथे काहीच गळत नाही आणि कुठलाही वास येत नाही. शेगडीचा मोठा बर्नर जितका गॅस जाळतो त्याच्या पाचपट गॅस हा गिझर जाळतो. चार-पाच फुटांच्या बंद खोलीतला प्राणवायू तो काही मिनिटांत कमी करतो. प्राणवायू अपुरा पडला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. तो रंगहीन आणि गंधहीन असतो, आणि मरकॅप्टन तर ज्योतीतच जळून गेलेले असते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने या वायूला घट्ट धरते. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते, आणि माणसाला कळते तेव्हा कडी काढायला उठताही येत नाही. पुणे, नाशिक, मुंबई या भागांत दर हिवाळ्यात अशा मृत्यूच्या बातम्या येतात. गेलेली माणसे बहुतेक तरुण असतात. भारतीय डॉक्टरांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावही दिले आहे. उपाय साधा आहे: गिझर न्हाणीघराबाहेर, बाल्कनीत किंवा डक्टमध्ये लावायचा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत आणायचा. तो आतच असेल आणि आज हलवता येत नसेल, तर बादल्या दार उघडे ठेवून भराव्यात, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावे. कोणी आत बेशुद्ध सापडले तर आधी मोकळ्या हवेत आणायचे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यायचे. फिट आली असेल किंवा चक्कर आली असेल, असे समजून घरीच पाणी मारत बसण्यात मोलाची मिनिटे जातात. डॉक्टरांना ‘गिझर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

आता त्या रिकाम्या जागेकडे. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे या गावांत चाळीसारख्या ओळीने बांधलेल्या हजारो खोल्या आहेत. एका खोलीत चार-पाच कामगार, पाळीपाळीने झोपणारे. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ इथून आलेल्या या मुलांच्या नावावर ना घर असते ना भाडेकरार. रोजंदारीच्या पैशांत एका वेळी पुरी टाकी परवडत नाही; एक किलो, दोन किलो असा गॅस हवा असतो. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. घरगुती टाकी उलटी करायची, पितळी नोझल लावायचे आणि बाजारातल्या पातळ पत्र्याच्या लहान टाकीत गॅस सोडायचा. या लहान टाक्यांची चाचणी कधीच झालेली नसते, आणि भरणाऱ्याचे लक्ष पाचव्या हिश्श्याच्या रिकाम्या जागेकडे नसते. टाकी काठोकाठ भरली गेली आणि नंतर उन्हाने किंवा बर्नरच्या धगीने तापली, तर फुगणाऱ्या द्रवाला जायला जागाच उरत नाही, पोलाद फाटते. लहान टाकीच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो, त्यामुळे ही धग कायमचीच.

चोरीचा हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर टँकरमधून चालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्याला एका शिक्षणसंस्थेलगत टँकरमधून टाक्यांत बेकायदा गॅस भरताना एकामागून एक टाक्या फुटल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. रविवारची रात्र होती म्हणून बसमध्ये मुले नव्हती. मे २०२४ मध्ये खेड तालुक्यातच, चाकण-शिक्रापूर रस्त्यावर शेलपिंपळगावला, ढाब्याजवळ उभ्या टँकरमधून गॅस चोरला जात असताना पहाटे स्फोट झाल्याचे पोलिसांनी सांगितले. आजूबाजूच्या घरांना हादरे बसून नुकसान झाले. दोन्ही ठिकाणी टँकर आणि टाकी यांच्यामधली जोडणी हाच दुबळा दुवा होता. छापे पडतात, गुन्हे दाखल होतात आणि दुकान चार गल्ल्या सोडून पुन्हा उघडते, कारण एक किलो गॅस मागणारा माणूस तिथेच असतो.

त्याला सुरक्षित गॅस मिळण्याची सोय कागदावर आहे. ऑक्टोबर २०१३ पासून पाच किलोची चाचणी केलेली टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ एका ओळखपत्रावर मिळते. इंडियन ऑइलने तिला ‘छोटू’ नाव दिले आहे. ऑगस्ट २०२१ च्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबातल्या बाईला पत्त्याच्या जागी स्वतःचे लेखी निवेदन पुरते. अडचण अशी की छोटूची पहिली खरेदी एकदम मोठी रक्कम मागते, आणि तिचा गॅस घरगुती दराने मिळत नाही. चोरटा विक्रेता किलोवर देतो आणि उधारही ठेवतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर छोटूची अनामत हप्त्याने घेता आली पाहिजे आणि टाकी कामगारांच्या वस्तीतल्या किराणा दुकानात मिळाली पाहिजे. कारखान्यांना हे कठीण नाही. पगारातून अनामत वळती करून देण्यासारखी साधी व्यवस्था ठेकेदारामार्फत लावता येते. खोलीमालकांनाही त्यात काम आहे. भाडेकरूला रीतसर जोडणी घेता यावी म्हणून पत्ता लिहून द्यायला ते कचरतात, कारण भाड्याची नोंद होईल अशी धास्ती असते. पण अधिकृत जोडणीवर अपघात झाला तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मृत्यूसाठी माणशी सहा लाख रुपयांपर्यंत आणि नोंदणीच्या पत्त्यावरच्या मालमत्तेसाठी दोन लाखांपर्यंत भरपाई मिळते. चोरून भरलेल्या टाकीला हे संरक्षण नाही, आणि भिंत पडली तर ती खोलीमालकाचीच पडते. राजगुरुनगरच्या किंवा चाकणच्या गॅस एजन्सीत एका भाडेकरूसोबत जाऊन तो कागद करून द्यायला त्याची एक सकाळ जाईल.